स्क्रिप्ट एडिटरच्या फाइल मेनूतलं नेमकं काय वापरायचं? (मॅक, इनडिझाइन)

शाईदौत
मंडळी, सल्ला हवाय. नारायण पेठेत आमचं डीटीपीचं काम आहे. स्मरणिका, पुस्तकं, आणि आता दिवाळी अंक डोक्यावर. आधीच्या ऑपरेटरने एक ॲप करून ठेवलं होतं. डबलक्लिक केलं की इनडिझाइनमधल्या (पानांची मांडणी करायचं सॉफ्टवेअर) उघड्या फाइलच्या प्रत्येक पानाची वेगळी पीडीएफ. इनडिझाइनची नवी आवृत्ती घेतली, तर ते जुनीच मागतंय. दुरुस्तीला घ्यावं म्हटलं तर स्क्रिप्ट एडिटर (मॅकमधलं ॲपलस्क्रिप्ट लिहायचं सॉफ्टवेअर) ते उघडूच देत नाही.

ओळखीचा मुलगा नवीन स्क्रिप्ट लिहून देतोय. ती कशी सेव्ह करून घेऊ? मेनूत सेव्ह, डुप्लिकेट, एक्स्पोर्ट, रिव्हर्ट टू सगळं आहे, 'सेव्ह ॲज' मात्र नाही. मशिनं तीन, प्रोग्रामिंग येणारं कुणी नाही.

कोथरूडकर
उघडत नाही म्हणजे एक्स्पोर्ट करताना 'रन-ओन्ली'वर (फक्त चालवा, बघू-बदलू नका) टिक केलेली असणार. त्यात वाचता येईल अशी स्क्रिप्ट उरतच नाही. त्या ऑपरेटरला चहाला बोलवा आणि मूळ फाइल मागा. नसेल त्याच्याकडे, तर त्या ॲपचा नाद सोडा.

सेव्ह ॲज आहे, फक्त लपलंय. फाइल मेनू उघडा आणि ऑप्शन की दाबून धरा, डुप्लिकेटच्या जागी येतं.

गॅलीप्रूफ
माझं स्पष्ट मत: ॲप करूच नका. इनडिझाइनमध्ये विंडो, युटिलिटीज, स्क्रिप्ट्स असं गेलात की पॅनेल उघडतं. त्यातल्या 'यूजर'वर राइट क्लिक करून 'रिव्हील इन फाइंडर' म्हणा (फाइंडर म्हणजे मॅकची फाइली दाखवणारी विंडो), आणि तिथे दिसेल त्या 'स्क्रिप्ट्स पॅनेल' फोल्डरमध्ये साधी डॉट एससीपीटी फाइल टाका. ऑपरेटरने पॅनेलमध्ये तिच्यावर डबलक्लिक करायचं, बस. कीबोर्ड शॉर्टकटही देता येतो.

सेव्ह करताना खाली फॉरमॅट विचारतो. 'स्क्रिप्ट' म्हणजे कंपाइल केलेली (मॅकला थेट चालवता येईल अशा रूपात बदललेली), पण रन-ओन्ली नसेल तर पुन्हा उघडून बदलता येते. 'टेक्स्ट' म्हणजे नुसता मजकूर. अर्धवट, कंपाइल न होणारी स्क्रिप्टही टेक्स्ट म्हणून ठेवता येते, कुठल्याही एडिटरमध्ये वाचता येते. त्या मुलाकडून दोन्ही घ्या. पॅनेलमध्ये स्क्रिप्ट, कपाटात टेक्स्ट. 'बंडल' (स्क्रिप्टबरोबर इतर फाइलीही ठेवणारा प्रकार) तुम्हाला नको. आणि रन-ओन्लीची टिक त्याने काढलीय ना, हे स्वतः बघा. हल्ली सगळ्यांनाच आपला कोड म्हणजे आजीची गोडा मसाल्याची कृती वाटते.

आवृत्तीचं दुखणं वेगळं. स्क्रिप्टमध्ये 'टेल ॲप्लिकेशन'पुढे (कुठल्या सॉफ्टवेअरला हुकूम द्यायचा ते इथे लिहितात) वर्षासकट नाव लिहिलं की पुढच्या वर्षी रडगाणं तेच. त्याऐवजी 'ॲप्लिकेशन आयडी' आणि पुढे कॉम डॉट अडोबी डॉट इनडिझाइन लिहायला सांगा. त्यात वर्ष येत नाही.

मीना_ताई
गॅलीप्रूफ म्हणतात ते इनडिझाइनपुरतं बरोबर. पण फाइंडरमधला फोटोंचा गठ्ठा ओढून टाकायचा असेल तर ॲपच सोयीचं. स्क्रिप्टमध्ये 'ऑन ओपन' हँडलर (टाकलेल्या फाइलींचं काय करायचं ते सांगणारा भाग) असला आणि ॲप्लिकेशन म्हणून एक्स्पोर्ट केलं, की त्याचं ड्रॉपलेट होतं, म्हणजे फाइली वर ओढून टाकता येतील असं ॲप. 'स्टे ओपन'ला मात्र हात लावू नका. ॲप काम संपलं तरी बंद होत नाही आणि ऑपरेटर "हँग झालं" म्हणून हाका मारतो.

आणखी एक. ॲप पहिल्यांदा चालवताना मॅक विचारतो, हे इनडिझाइनला कंट्रोल करू दे का? कुणी घाईत नको म्हटलं की पुढे -१७४३ अशी एरर येत राहते. स्क्रिप्टमध्ये काही बिघडलेलं नसतं. सिस्टिम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, ऑटोमेशन इथे जाऊन बटण चालू करायचं.

शाईदौत
पॅनेलचं आजच करून बघतो, गॅलीप्रूफ. ताई, ते -१७४३ एका मशिनवर जुन्या ॲपला यायचं खरं! शेवटची शंका: पीडीएफच्या नावात 'पान ०१२' असं देवनागरी चालेल का?

गॅलीप्रूफ
ॲपलस्क्रिप्टला चालतं. २००७ मध्ये मॅकच्या लेपर्ड आवृत्तीबरोबर ॲपलस्क्रिप्ट २.० आलं तेव्हापासून ते पूर्ण युनिकोड आहे, म्हणजे सगळ्या लिप्या चालतात. पण छापखान्यातल्या मशिनचं सांगता येत नाही, तिथे विचारून घ्या. आम्ही फाइलची नावं रोमनमध्येच ठेवतो, आकडे तीन अंकी. नाहीतर काही सॉफ्टवेअरमध्ये १० नंबरचं पान २ च्या आधी जाऊन बसायचं.