सर्वांना एकसारखी पोलादी सायकल द्या म्हणे!

उताराचा वारा
'जुनी चेन' यांनी काल या मंचावर लिहिले की १९७२ साली बेल्जियन सायकलपटू एडी मर्क्स यांनी मेक्सिको सिटीत तासाभरात कापलेले ४९.४३१ किलोमीटर हाच शेवटचा अस्सल विक्रम आहे, त्यानंतरचे सारे विक्रम अभियंत्यांच्या नावावर टाकावेत आणि यापुढे शर्यतीत सर्वांना एकसारखी पोलादी सायकल द्यावी. एका ओळीत उत्तर देऊन झोपणार होतो, परंतु झोप लागली नाही.

मर्क्स यांची ती सायकल कोपऱ्यावरच्या दुकानातून तासावर भाड्याने आणलेली नव्हती. वजन वाचवण्यासाठी एर्नेस्तो कोल्नागो या इटालियन सायकल-कारागिरांनी तिच्या चेनच्या कड्यांनासुद्धा भोके पाडली होती आणि ती जेमतेम पावणेसहा किलोंच्या आसपास भरत होती. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २००० सालापासून सायकलीचे वजन किमान ६.८ किलो असावे असे ठरवले आहे. म्हणजे ज्या सायकलीला आपण शुद्धतेचे माप मानता, ती आज वजनकाट्यावरच बाद होईल. शिवाय समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवरच्या विरळ हवेत जाऊन विक्रम करणे ही युक्ती नव्हे तर काय होती?

आणि अभियंते म्हणजे कोण? ग्रेअम ओब्री या स्कॉटिश सायकलपटूने स्वतःच्या हातांनी फ्रेम जोडली, तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्राचे बेअरिंग बसवले, हात छातीखाली पंखांसारखे दुमडून बसण्याची पद्धत शोधली आणि जुलै १९९३ मध्ये नॉर्वेतील हामारला ५१.५९६ किलोमीटरचा विक्रम केला. आदल्या दिवशीचा प्रयत्न फसला होता, तरी हा माणूस दुसऱ्या सकाळी पुन्हा ट्रॅकवर उतरला. पुढल्या वर्षी जागतिक स्पर्धेत ऐनवेळी त्याची बैठकच नियमबाह्य ठरवून त्याला बाद केले गेले. 'तंत्रज्ञान आवरा' असे म्हणणाऱ्यांनी प्रत्यक्षात कोणाला आवरले, ते एकदा पाहावे.

जुनी चेन
आपले लांबलचक उत्तर वाचले. ओब्रीचा विक्रम सहाच दिवसांत ब्रिटिश सायकलपटू ख्रिस बोर्डमनने फ्रान्समधील बोर्दोला मोडला, हे सांगायचे आपण सोयीस्करपणे विसरलात. त्याच बोर्डमनची गोष्ट पुढे न्यावी. १९९६ साली मँचेस्टरमध्ये हात समोर ताणून, सर्व आधुनिक साधने वापरून तो ५६.३७५ किलोमीटर गेला. २००० साली त्याच शहरात, मर्क्स यांच्या काळातल्यासारख्या सायकलीवर, तो ४९.४४१ किलोमीटर गेला, म्हणजे मर्क्स यांच्या पुढे अवघे दहा मीटर. माणूस तोच. मधले सात किलोमीटर कोणाचे?

मी ऐंशीच्या दशकात मुंबई–पुणे शर्यतीत पोलादी सायकलीवर उतरलो होतो. बोरघाटात माझे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचे दातेरी चक्र, घसरू लागले, तेव्हा खोपोलीच्या एका मिस्त्रीने रस्त्याकडेला बसून रॉकेलने ते धुतले, दोन थेंब तेल सोडले आणि पैसे घेण्यास नकार दिला. परवा मुलाच्या कार्बनच्या सायकलीचे हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते तो बेअरिंगचा जोड, कुरकुरत होते. सगळ्या ब्रेकच्या नळ्या हँडलमधून फ्रेमच्या पोटात नेलेल्या असल्यामुळे दोन बेअरिंग बदलण्यासाठी अख्खा पुढचा भाग उसवावा लागला, नळ्यांत नव्याने तेल भरावे लागले आणि जे बिल आले ते माझ्या पहिल्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त होते. ह्याला आपण प्रगती म्हणत असाल, तर जरूर म्हणा.

नाशिकची चढाई
आपल्या दोघांच्या भांडणात शिरण्याची इच्छा नव्हती, पण ६.८ किलोंचा उल्लेख झाला म्हणून लिहिते. माझे वजन ४५ किलो आहे. ७५ किलोंच्या पुरुषाला त्याच्या वजनाच्या ९ टक्के सायकल चढावर ओढावी लागते, मला १५ टक्के. लहान मापाची फ्रेम मुळातच हलकी होते, परंतु नियमात बसण्यासाठी तिच्यात वजन भरण्याची वेळ येते. 'एकसारखी सायकल' हा शब्द ऐकला की मला शाळेतला एकाच मापाचा गणवेश आठवतो, जो मुलांना बरोबर बसत असे आणि आम्हा मुलींच्या अंगावर तंबूसारखा लोंबत असे. जुनी चेन काका, आपली पोलादी सायकल कोणाच्या मापाची असणार आहे?

राहिला प्रश्न नळ्यांचा. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात पाचगणीहून वाईकडे पसरणीचा घाट उतरताना माझ्या जुन्या सायकलीचे रबरी ब्रेक-शू ओल्या रिमवर नुसते सरकत राहिले. एका वळणावर समोरून एसटी आली. मी कठड्याला खांदा घासून थांबले. त्याचा व्रण अजून आहे. त्यानंतर मी डिस्क ब्रेकची सायकल घेतली. बिल मलाही बसते, पण ते मी आनंदाने भरते.

जुनी चेन
ताई, आपल्याला दुखापत झाली याचे वाईट वाटते. परंतु त्याच डिस्क ब्रेकमुळे आपल्या पायाला खोल जखम झाल्याचे फ्रान्सिस्को व्हेंतोसो या स्पॅनिश सायकलपटूने २०१६ च्या पॅरिस–रूबे शर्यतीनंतर जाहीरपणे सांगितले आणि त्यानंतर शर्यतींमधली डिस्क ब्रेकची चाचणी थांबवावी लागली, हेही लक्षात असू द्यावे. ओल्या घाटात वेग कमी ठेवावा, हे तंत्रज्ञान फार जुने आहे.

नाशिकची चढाई
वेग कमी ठेवण्यासाठीच ब्रेक असतात, काका. ते लागत नव्हते, हाच तर मुद्दा आहे. व्हेंतोसोचे उदाहरण अर्धेच सांगू नये. चाचणी थांबली, पुन्हा सुरू झाली आणि २०१८ पासून रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकला पूर्ण मुभा मिळाली. घरी बसून 'वेग कमी ठेवावा' असा सल्ला देणाऱ्यांनी एकदा पसरणीत आषाढात येऊन दाखवावे.

रिमवाला
या वादात एक गोष्ट सुटते आहे. गेली वीस वर्षे मी चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढतो. रिम ब्रेक वापरणारे गिऱ्हाईक रिम झिजून फुगेपर्यंत दुकानात पाऊल ठेवत नाही आणि डिस्कवाले गिऱ्हाईक चेनवर मारायचा तेलाचा फवारा डिस्कवर उडवून 'ब्रेक ओरडतात हो' म्हणत दुसऱ्याच दिवशी येते. दोष ब्रेकचा फार क्वचित असतो. नळ्या आत घालण्याबद्दल मात्र मी जुनी चेन यांच्या बाजूचा आहे. वारा थोडा कमी लागत असेलही, पण ते काम करणाऱ्याच्या हाताचा विचार आराखडा काढणाऱ्याने केलेला नाही.

उताराचा वारा
ब्रेक आणि नळ्यांनी माझा धागा पळवलेला दिसतो. बोर्डमनकडे येतो. सात किलोमीटरचा फरक खरा आहे. पण २००० साली तो कारकिर्दीच्या शेवटाला आला होता, हे आपण गाळलेत. आणि त्या फरकातला मोठा भाग बैठकीचा आहे. सपाटीवर ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे बहुतेक ताकद हवेशी झुंजण्यात जाते आणि त्या हवेचा सुमारे तीन चतुर्थांश भार शरीरावर येतो, सायकलीवर नाही. १९८९ च्या टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड आघाडीवरच्या फ्रान्सच्या लोराँ फिन्योंपेक्षा ५० सेकंदांनी मागे होता. कोपरे टेकवून पुढे झुकता येईल असे हँडल लावून त्याने व्हर्साय ते पॅरिस हे साडेचोवीस किलोमीटरचे अंतर कापले आणि अवघ्या ८ सेकंदांनी टूर जिंकली. ते हँडल फिन्योंलाही लावता आले असते. तो साध्या हँडलवर, उघड्या डोक्याने, वेणी उडवत गेला. ह्यात अभियंत्याने कोणाची चोरी केली?

जुनी चेन
आपल्याला विकत घेता येते म्हणून आपण असे लिहू शकता. गावातल्या पोराला ते हँडल कोण देणार?

उताराचा वारा
हे मात्र अती झाले. माझी सायकल तिसऱ्या मालकाची आहे आणि तिच्या कार्बनच्या दांड्यावरचा ओरखडा मी स्वतः भरला आहे. मला धनदांडग्यांचा भाट ठरवण्यापूर्वी ओब्रीचा परिच्छेद पुन्हा वाचावा. स्पर्धेतले साधन बाजारात मिळणारे असावे, असा नियम आहे. किंमत किती असावी, यावर त्यात अवाक्षर नाही. २०२२ साली इटलीचा फिलिपो गान्ना स्वित्झर्लंडमधील ग्रेंचेनला ज्या सायकलीवर तासाभरात ५६.७९२ किलोमीटर गेला, तिची फ्रेम धातूची भुकटी थरावर थर वितळवून छापलेली होती. ती आपल्या गावातल्या पोराला परवडणार नाही, हे मलाही मान्य आहे. मग भांडण किमतीशी करा. वितळवण्याशी कशाला करता?

जुनी चेन
ठीक आहे. मर्क्स यांची सायकल वजनात बसत नाही, हे मला ठाऊक नव्हते आणि आपल्यामुळे कळले याचे दुःख आहे. माझ्या पोलादी सायकली तीन मापांत निघतील, ताईंचे माप आधी. बाकी माझे मत कायम आहे. आमच्या घरचे कपडे धुण्याचे यंत्र तीन महिने खडखडते आहे. त्यातले बेअरिंग कोणाला विक्रमासाठी हवे असल्यास कळवावे, मात्र उतरवून न्यायला स्वतः यावे लागेल.