देशातल्या देशात जम्बो: तुम्हाला कसं सापडलं? (अनुभव धागा)

नौपाडा, ठाणे (धाग्याची सुरुवात)

बाबांना जम्बोत, म्हणजे बोइंग ७४७ विमानात, बसवायचं हे माझ्या मनात शाळेत असल्यापासून होतं. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर कामाला. रविवारी आम्ही कोपरखैरण्याला आत्याकडे जायचो आणि जेवणं झाली की गच्चीवर. मुंबईच्या सहार विमानतळावर पूर्वेकडून उतरणारी विमानं तिथूनच खाडी ओलांडतात. पाठीवर पुढच्या बाजूला उंचवटा आणि पंखांखाली चार इंजिनं दिसली की बाबा हात वर करून दाखवायचे, "ते बघ, जम्बो!" त्यांना परदेशी जायची हौस नव्हती आणि पासपोर्टही काढलेला नव्हता. त्यामुळे माझ्यापुढे प्रश्न एवढाच होता की पासपोर्टशिवाय जम्बोत बसता येतं का?

त्या काळी येत होतं. एअर इंडियाची बोइंग ७४७ परदेशी जाता-येता मुंबई-दिल्ली असा टप्पा करायची आणि त्या टप्प्याचं तिकीट साध्या देशांतर्गत प्रवाशालाही मिळायचं. पण कुठल्या दिवशी कुठलं विमान लागेल हे कळणं कठीण. मी कित्येक वर्षं नुसता वेळापत्रकं चाळत होतो.

मग २०१८ च्या सणासुदीत बातमी आली की गर्दीसाठी एअर इंडिया जम्बो देशातच फिरवणार आहे. आधी ऑक्टोबरात दिल्ली-कोलकाता, मग दिवाळीच्या सुमारास दिल्ली-मुंबई. एकूण ४२३ जागा: फर्स्टच्या १२, बिझनेसच्या २६ आणि आपल्यासारख्यांच्या ३८५. बातमी वाचली त्या रात्रीच तिकिटं काढली. खात्री करून घ्यायची माझी पद्धत सांगतो. आसनांचा नकाशा उघडायचा. छोट्या विमानात एका ओळीत सहाच जागा असतात, तीन आणि तीन. इथे तीन-चार-तीन अशा दहा दिसल्या आणि मी बाबांना उठवलं.

आम्ही राजधानीने दिल्लीला गेलो आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशी परतीचं विमान धरलं. गेटच्या काचेतून ते समोर दिसलं तेव्हा बाबा बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "किती लांब असेल रे?" मी सांगितलं, सत्तर मीटरच्या थोडं वर. त्यांनी मनात हिशेब केला. "म्हणजे लोकलचे जवळजवळ साडेतीन डबे." पंतप्रधान तेव्हा परदेश दौऱ्यावर जायचे ते याच जातीचं विमान, हे सांगितल्यावर त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली.

पंखाच्या किंचित मागे, खिडकीची जागा त्यांना दिली. आमचं जम्बो ७४७-४०० या प्रकारचं. त्याचं उड्डाणाचं कमाल वजन ३९६ टनांच्या पुढे जातं, पण दोन तासांच्या प्रवासाला इंधन थोडंच भरावं लागतं. त्यामुळे एवढं धूड हलक्या अंगाने उठलं. धावपट्टी अजून बरीच शिल्लक असताना आम्ही वर होतो. बाबांनी डोळे मिटले होते. घाबरलेत असं वाटून मी हात धरला, तर ते म्हणाले, "थांब, ऐकतोय. चारही एका सुरात चालतायत." बत्तीस वर्षं यंत्रांचा आवाज ऐकून बिघाड ओळखणाऱ्या माणसाचं हे बोलणं मला त्या प्रवासातल्या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त आठवतं.

बाबा आता नाहीत. एअर इंडियाची जम्बोही नाहीत. मार्च २०२१ मध्ये दिल्ली-मुंबई हा त्यांचा शेवटचा प्रवासी फेरा झाला, म्हणजे निरोपसुद्धा देशातल्या देशातच. म्हणून हा धागा काढतोय. ठाणे, कळवा, वाशी, पनवेल, कुठलेही असा, तुम्ही देशांतर्गत जम्बोत बसला असाल तर लिहा. साल कोणतं, विमान सापडलं कसं, जागा कुठली होती, काय लक्षात राहिलं. बसायचं राहून गेलं असेल तर तेही लिहा.

नेरूळ

मी लिहितेय, पण माहिती निम्मी आमच्या ह्यांची. हे १९७६ साली एअर इंडियाच्या देखभाल विभागात लागले. तेव्हाच्या जम्बोंना सम्राटांची नावं होती: अशोक, शाहजहान, राजेंद्र चोळ, विक्रमादित्य. खिडक्यांभोवती लाल झरोके रंगवलेले. कालिन्याच्या क्वार्टर्समधली पोरं आकाशात बघून नाव सांगायची, बरोबर निघालं तर पेपरमिंट.

१९७१ साली आलेलं पहिलं जम्बो म्हणजे 'सम्राट अशोक'. १ जानेवारी १९७८ च्या रात्री दुबईला निघालेलं तेच विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. हे दोन दिवस घरी आले नाहीत. आले तेव्हा जेवायला बसले आणि ताटावरून उठून गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं मला विमानात बसायचं नाव काढवत नव्हतं.

१९९५ मध्ये भाचीचं लग्न दिल्लीला होतं. स्टाफचं तिकीट म्हणजे सबलोड. जागा उरली तर बसायचं, नाहीतर बॅग उचलून घरी. ह्यांनी दुपारी ड्यूटीवर फोन करून विचारलं, "आज रात्री दिल्लीला कोण जातंय?" विमानांबद्दल हे असंच बोलायचे, माणसांबद्दल बोलावं तसं. उत्तर आलं, "खजुराहो." १९९३ पासून नवी ७४७-४०० यायला लागली होती, त्यातलं एक. हे मला एवढंच म्हणाले, "त्याला मी हात लावलेला आहे. तू निर्धास्त जा."

काउंटरवर शेवटच्या दहा मिनिटांत नाव पुकारलं. पायऱ्या चढताना मी खाली बघितलं आणि चाकं मोजली. दोन पुढे, सोळा मागे, एकूण अठरा. ह्यांनी सांगितलेला आकडा जुळला तेव्हा धीर आला. आत शिरल्यावर विमान वाटेचना, एखादं सभागृह वाटलं. दोन दोन वाटा, मधे चार खुर्च्यांची रांग. वर जायच्या जिन्यापाशी मी जरा थांबले, तर हवाईसुंदरी हसून म्हणाली, "काकी, वर बिझनेसवाले." बघू मात्र दिलं तिने. दिल्ली येईपर्यंत मी एकदाही देवाचं नाव घेतलं नाही, आणि माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती.

घोडबंदर रोड, ठाणे

माझं २००८ चं. गोखले रोडवरच्या एजंटकडून ऑफिसच्या कामासाठी दिल्लीचं तिकीट घेतलं. प्रिंटवर एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'एक्विपमेंट ७४४' असं होतं. एजंटला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, ते आमचं नाही, विमानाचं असतं." घरी येऊन शोधल्यावर कळलं की ७४४ म्हणजे ७४७-४००. ज्यांना शोधायचं असायचं त्यांच्यासाठी हा तीन आकडी कोड हीच खरी किल्ली होती.

पण एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. तिकीट देशांतर्गत म्हणून मी टॅक्सीवाल्याला सांताक्रूझ सांगितलं. तिथे गेटवरच्या जवानाने तिकीट बघितलं आणि म्हणाला, "ये तो सहार से जाएगा." विमान परदेशातून येऊन पुढे दिल्लीला जाणार, म्हणून ते आंतरराष्ट्रीय टर्मिनलवरून सुटणार. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. विलेपार्ल्याला हायवे ओलांडून सहारला पोचेपर्यंत जीव टांगणीला लागला होता.

तिथे बोर्डिंग पासवर इंग्रजी 'डी' चा शिक्का मारला. डी म्हणजे डोमेस्टिक. माझ्या शेजारचा माणूस जेद्दाहून येत होता, त्याचं इमिग्रेशन आणि कस्टम दिल्लीत व्हायचं होतं. आम्ही दोघं एकाच रांगेत, एकच डाळ-भात खात होतो, पण कागदोपत्री तो अजून देशात यायचा होता आणि मी देशाबाहेर गेलोच नव्हतो. उतरल्यावर कस्टमपाशी तो शिक्का दाखवल्यावरच मला सोडलं. त्या माणसाने मला दोन खजूर दिले होते. ते मी हातातच धरून बाहेर आलो, कारण कस्टममधून नेलेले चालतात का हे मला माहीत नव्हतं.

ऐरोली

बसायचं राहिलं, त्यातली मी एक. कंपनीचं नाव घेत नाही. तीन महिने आधी नकाशावर दहाची ओळ बघून तिकीट काढलं, मुलाला खिडकी दिली, त्याने वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं. आदल्या रात्री वेब चेक-इन करताना जागेचा नंबर बदललेला दिसला आणि ओळीत सहाच जागा. विमान बदललं होतं. तिकीट हे प्रवासाचं असतं, विमानाच्या जातीचं नसतं, हे मला तेव्हा समजलं. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. विमानतळावर तो काचेपाशी उभा राहून शेपट्या बघत होता, आणि मला त्याच्या पाठीवर हात ठेवण्यापलीकडे काही सुचलं नाही.

कामोठे

देशांतर्गत म्हणजे भारतातलंच हवं असं नाही ना? मग माझा जपानचा अनुभव. २०१३ मध्ये कंपनीच्या प्रशिक्षणासाठी योकोहामाला होतो. जपानने देशातल्या छोट्या अंतरांसाठी जम्बोचा खास प्रकारच करून घेतला होता, ७४७-४००डी. हानेदा विमानतळावर उतरायला जागा मोजकी आणि गर्दी प्रचंड, म्हणून एकाच विमानात साडेपाचशेच्या आसपास माणसं बसवायची. नेहमीच्या ७४७-४०० ला पंखांच्या टोकाशी उभे कान असतात, ते याला नव्हते. लांबच्या प्रवासात त्या कानांमुळे इंधन वाचतं, तास-दोन तासांत तो फायदा मिळत नाही. उलट दिवसातून अनेकदा चढ-उतार करावी लागते, म्हणून सांगाडा मात्र जास्त मजबूत केलेला.

मी ऑल निप्पॉनच्या वेळापत्रकात विमानाचा प्रकार बघून हानेदा ते नाहा, म्हणजे ओकिनावा, असं तिकीट काढलं. आणि साध्या तिकिटात वरच्या मजल्यावर जागा मिळाली! नेरूळच्या काकूंचं वाचताना मला तो जिना आठवला. वर भिंत आतल्या बाजूला झुकते, त्यामुळे खिडकी आणि खुर्ची यांच्यामध्ये झाकणाचा एक लांब कप्पा असतो. त्यावर कोपर टेकवून मी अडीच तास बसलो. वर इतकी शांतता होती की खाली पाचशे माणसं आहेत हे जाणवतही नव्हतं. पुढच्याच वर्षी, ३१ मार्च २०१४ ला, त्यांचं शेवटचं जम्बो नाहाहून हानेदाला आलं. माझ्या जपानी सहकाऱ्याने फोटो पाठवला. विमानतळावर लोक हात हलवत उभे होते.

कळवा

मी कधीच बसलो नाही. पण मित्राच्या बाइकवर मागे बसून कुर्ल्याला जरीमरीला जायचो, फक्त जम्बो बघायला. तिथे विमान इतकं खाली येतं की आधी सावली अंगावरून जाते आणि आवाज मागून येतो.

२२ एप्रिल २०२४ ला एअर इंडियाचं 'आग्रा' नावाचं जम्बो मुंबईहून अमेरिकेला गेलं, सुटे भाग करायला. उठल्यावर वैमानिकाने पंख एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे झुकवले. कळवा स्टेशनवर गाडीची वाट बघत मी तो व्हिडिओ बघितला. दोन गाड्या सोडल्या.

सीवूड्स

मी बारावीला आहे. हे सगळं वाचून बसावंसं वाटतंय. आता भारतात कुठे मिळेल का? नवी मुंबईचं विमानतळ तर आमच्या घरापासून जवळ आहे.

नौपाडा, ठाणे

बाळा, भारतात आता प्रवासी जम्बोची देशांतर्गत फेरी नाही. २५ डिसेंबर २०२५ ला तुमच्याकडचं विमानतळ सुरू झालं, तोपर्यंत आपली जम्बो जाऊन दीड वर्ष उलटलं होतं. बोइंगनेही १,५७४ विमानं बनवून कारखान्यातली ती ओळ बंद केली, शेवटचं जानेवारी २०२३ मध्ये मालवाहतुकीसाठी दिलं. पण निराश होऊ नकोस. लुफ्तान्झा, कोरियन एअर आणि एअर चायना यांच्याकडे ७४७-८ हा नवा प्रकार आहे. त्यातली एअर चायना बीजिंग-शांघायसारख्या देशांतर्गत मार्गांवरही तो वापरत आलीय. वेळापत्रकात ७४४ ऐवजी ७४एच असा कोड शोध. आणि ऐरोलीच्या ताईंचं लक्षात ठेव, आदल्या दिवशी पुन्हा बघ.

कळव्याच्या दादा, जरीमरीचे फोटो असतील तर टाका ना.

काकू, १९९५ चा तो पास अजून आहे का? असेल तर आजच त्याचा फोटो काढून ठेवा, आणि ज्यांच्याकडे नंतरच्या काळातले पातळ, गुळगुळीत कागदावरचे पास आहेत त्यांनी तर नक्कीच. त्यावरची अक्षरं उष्णतेने उमटवलेली असतात आणि काही वर्षांत उडून जातात. बाबांच्या पासवरचं नाव आता उजेडाकडे तिरकं धरलं तरच वाचता येतं. जागेचा नंबर गेला. ४२ होता की ४३, आठवत नाही.

नेरूळ

आहे. ह्यांच्या डब्यात सापडला. जाड पुठ्ठ्याचा आहे, अक्षरं शाबूत आहेत. उद्या मुलीला सांगते फोटो काढायला.