प्रतिसाद: ३,००० नोटिसांची पीडीएफ रिपवर अडकते त्याबद्दल

भावा, सभासदांच्या नावाच्या ३,००० नोटिसा रिपवर (पानाचं छपाईसाठी ठिपक्यांत रूपांतर करणारी यंत्रणा) अडकतात म्हणतोस, तर मशीन बदलायच्या आधी पीडीएफ एक्स्पोर्टची सेटिंग बघ. पीडीएफ/एक्स-१ए (छपाईच्या पीडीएफचा एक प्रकार) ठेवलंयस म्हणतोस, गोची तिथंच आहे. त्यात ट्रान्सपरन्सी (सावलीसारखे अर्धपारदर्शक भाग) सपाट होते, म्हणजे खालच्या डिझाइनमध्ये मिसळून टाकली जाते. लोगोची सावली सभासदाच्या नावावर आली की मागच्या डिझाइनचे तुकडे पडतात, तेही प्रत्येक पानावर वेगळे. मग रिप तीच पार्श्वभूमी ३,००० वेळा नव्यानं रंगवत बसतो. मर्ज सॉफ्टवेअरमध्ये (यादीतली नावं टाकून प्रत्येकाची प्रत काढणारं) पीडीएफ/व्हीटी-१, म्हणजे दर पानाला मजकूर बदलणाऱ्या छपाईसाठीचा प्रकार, असेल तर ते घे (आयएसओ १६६१२-२, २०१० चं, एक्स-४ वर बेतलेलं), नसेल तर सरळ एक्स-४, त्यात ट्रान्सपरन्सी तशीच राहते.

आमच्या उद्यमनगरातल्या दुकानात सप्टेंबरच्या वार्षिक सभांआधी वेगळाच घोळ झालेला. शंभर-शंभरच्या पीडीएफ काढून जोडल्या. प्रत्येकीबरोबर फॉन्टचा वेगळा सबसेट (वापरलेल्या अक्षरांपुरता तुकडा) आला, फाइल फुगून बसली. एकाच मर्जमधून काढ.

फोटो ३०० डीपीआय पुरे. क्यूआर मात्र व्हेक्टरच (ठिपक्यांऐवजी आकारांच्या रूपात) ठेव, जेपीईजीत कडा धुरकटतात.

आणि इनडिझाइनमध्ये (पान मांडायचं सॉफ्टवेअर) वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे देवनागरी अक्षरं नीट जुळवणारी सेटिंग, चालू आहे ना? आमच्याकडं तो बंद राहिला नि ‘शिवाजी’ची पहिली वेलांटी श च्या डावीकडं यायची ती उजवीकडं जाऊन बसली. कोल्हापुरात, तेही नेमकं याच नावाला! अख्खा गठ्ठा परत छापला.