मदत हवी आहे: टीव्ही-रेडिओ पत्रकारितेचं पदव्युत्तर शिक्षण, मुंबईतच की बाहेर?

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

वय २४, राहायला भांडुप. बीएएमएमसी ही मास मीडियाची पदवी केली (माझ्या आधीच्या बॅचेसचं ते बीएमएम), शेवटच्या वर्षी पत्रकारिता घेतली. गेलं दीड वर्ष अंधेरीला एका न्यूज पोर्टलमध्ये कॉपी लिहिते. लिहिते म्हणजे कुठून तरी आलेली बातमी फिरवून दिवसाला दहा-बारा पाडते. 'नेमकं काय घडलं?' हा मथळा मी आजवर कितींदा दिला असेल, देव जाणे. घडलं तिथे मात्र एकदाही गेलेली नाही.

मला बातमी बोलायची आहे. टीव्ही किंवा रेडिओ, दोन्ही चालेल. अँकरच व्हायचं असा हट्ट नाही. रिपोर्टिंग आवडेल, नाहीतर बुलेटिन लावण्याचं काम. लहानपणी आजोबा कणकवलीहून आमच्याकडे आले की संध्याकाळी सातला सह्याद्रीवर बातम्या लागायच्या. प्रदीप भिडे वाचायला असले की आजोबा चष्मा घालायचे. 'ऐकायला चष्मा कशाला हो?' असं आईने विचारलं की म्हणायचे, 'नीट ऐकू येतं.' ते कुठेतरी डोक्यात बसलंय.

आता अडचण. गेल्या जानेवारीत एका खासगी संस्थेत चौकशीला गेले होते. नाव लिहीत नाही. एका वर्षाचा पीजी डिप्लोमा, फी ३ लाख ८० हजार, 'हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट'. काउन्सेलर मॅडम फार गोड. स्टुडिओ दाखवायला घेऊन गेल्या: हिरवा पडदा, लाइट, अँकरचं टेबल, सगळं चकाचक. मी सहज टेलिप्रॉम्प्टरसमोर (अँकर ज्यावरून वाचतो तो पडदा) जाऊन उभी राहिले. त्यावर अजून गणपतीच्या शुभेच्छांची स्क्रिप्ट होती. जानेवारीत! म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरनंतर त्या प्रॉम्प्टरवर कोणी ओळ चढवली नव्हती. प्लेसमेंटचं खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्यात तीन महिन्यांची बिनपगारी इंटर्नशिपही धरतात.

तेव्हापासून मी प्रत्येक माहितीपत्रकाकडे संशयाने बघते. बाबा बेस्टमध्ये आहेत, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. माझे साठलेले आणि त्यांचे धरून अडीच लाखांच्या वर जायचं नाही, असं घरात ठरलंय.

डोक्यात आहे ते असं. दिल्लीच्या आयआयएमसीचा (भारतीय जनसंचार संस्था) रेडिओ आणि टीव्ही पत्रकारितेचा डिप्लोमा, त्यासाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. त्यांचं अमरावतीलाही केंद्र आहे आणि तिथे मराठी पत्रकारिता शिकवतात. मुंबईत झेवियर्सच्या आवारातलं एक्सआयसी (झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स), आणि ब्रीच कँडीला सोफिया पॉलिटेक्निकचा एका वर्षाचा एससीएम हा मीडिया कोर्स (फक्त मुलींसाठी). पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट. चेन्नईचं एसीजे (एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझम) चांगलं म्हणतात, पण बजेटचं कसं जमवायचं? एक मैत्रीण 'सरळ यूकेला जा' म्हणते. तिचे बाबा बेस्टमध्ये नाहीत.

विचारायचं आहे ते हे: ज्या कोर्समध्ये खरोखर रोज बोलायला आणि फुटेज कापायला लावतात, तो बाहेरून ओळखायचा कसा? आणि वर्ष कोर्सला द्यावं की चॅनेलमध्ये ट्रेनी म्हणून घुसावं? शिवाय एका ओळखीच्या काकांनी सांगितलं की तुझ्या बोलण्यात मालवणी हेल आहे, तो काढावा लागेल. खरंच काढावा लागतो का?

जाणकारांनी प्लीज लिहा.

— भांडुपची_लोकल

---

तिरकस

टीव्हीत आता काय उरलंय? सहा चौकटी आणि आरडाओरडा. फोन घ्या, यूट्यूबवर चॅनेल काढा. अडीच लाख वाचतील.

---

आउटपुटवाला

तिरकसरावांचं वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो, तेही ऑफिसातच. असो.

मराठी न्यूज चॅनेलमध्ये १४ वर्षं आउटपुटला आहे, म्हणून थोडं लिहितो. बाहेरून फक्त अँकर दिसतो. आत एक बुलेटिन उभं करायला बातमी आणणारं इनपुट (असाइनमेंट डेस्क, रिपोर्टर, गावोगावचे स्ट्रिंगर म्हणजे बातमीमागे पैसे मिळणारे वार्ताहर) आणि ती पडद्यावर नेणारं आउटपुट (कॉपी, रनडाउन म्हणजे बातम्यांचा क्रम, एडिटिंग, ग्राफिक्स, पीसीआर म्हणजे कंट्रोल रूम) अशी फौज लागते. नव्या माणसाला दार उघडतं ते बहुतेक आउटपुटच्या कॉपी डेस्कवर. तुम्ही रोज दहा-बारा कॉप्या पाडता ना? वाईट वाटून घेऊ नका, हात वेगात आहे हे कामाला येणार. मात्र हात चुकीच्या सवयीचा झालाय. छापायची बातमी आणि बोलायची बातमी यांत फार फरक.

उदाहरण देतो. तुमच्या पोर्टलवर हे असं येईल:

'मध्य रेल्वेच्या कुर्ला ते शीव स्थानकांदरम्यान रुळांवर पाणी साचल्यामुळे धीम्या मार्गावरील वाहतूक सकाळी ८ वाजून १२ मिनिटांपासून विस्कळीत झाली असून, त्यामुळे प्रवाशांची मोठ्या प्रमाणावर गैरसोय झाल्याचे रेल्वे प्रशासनाकडून सांगण्यात आले.'

हे मोठ्याने वाचा. 'असून'पाशी श्वास संपतो, आणि कोण बोलतंय ते शेवटी कळतं. आता हे:

'कुर्ला आणि शीवच्या मध्ये रुळांवर पाणी आहे. मध्य रेल्वेच्या धीम्या गाड्या सकाळी आठपासून रखडल्यात. जलद गाड्या सुरू आहेत, पण उशिराने.'

आणखी एक. पडद्यावर पाणी दिसतंय, लोक रुळांवरून चालतायत. मग 'आपण पाहू शकता की लोक चालत आहेत' हे कशाला? ते दिसतंय. जे दिसत नाही ते सांगा: ठाण्याकडची गाडी कुठून मिळेल, पाणी किती वेळ टिकेल, भरती केव्हाची आहे. नव्या मुलांच्या व्हॉइसओव्हरमध्ये मी सगळ्यात जास्त खोडतो ते हेच.

कोर्स कसा ओळखायचा? तुम्ही तो ओळखून आला आहात, प्रॉम्प्टरवरून. तसंच पुढे करा. मागच्या आठवड्यात मुलांनी केलेलं बुलेटिन दाखवा म्हणावं, तारखेसकट. शोरील नको, ती वर्षातली चांगली तीन मिनिटं असतात. एका कॅमेऱ्यामागे किती मुलं हे विचारा. बुलेटिनची वेळ पाळली नाही तर काय होतं हेही विचारा. जिथे उत्तर येईल 'काही नाही, दुसऱ्या दिवशी दाखवतात', तिथे फी भरू नका. आणि मागच्या वर्षीच्या दोन-तीन मुलांशी स्वतः बोला, संस्थेने दिलेल्या नंबरांवर नाही.

हेल काढू नका. ओढ काढा. तुमचा आवाज मी ऐकलेला नाही, पण हेल म्हणून जे सांगतात ते बऱ्याचदा वाक्याचा शेवट लांबवणं असतं. बोली बातमीच्या आड येत नाही. न-ण, ळ आणि दोन प्रकारचे च-ज मात्र चोख हवेत. 'चंद्र'मधला च आणि 'चमचा'मधला च वेगळे. 'जीव' आणि 'जखम' म्हणून बघा. एखाद्या 'जखमी'चा ज चुकला की लोक लगेच फोन करतात, तथ्य चुकलं तर करतीलच असं नाही.

---

परतलेला

यूकेबद्दल लिहितो. मी कार्डिफला एक वर्ष ब्रॉडकास्ट जर्नलिझमचं एमए केलं.

तिथे कोर्स निवडताना बीजेटीसीची मान्यता आहे का हे बघतात. ही ब्रॉडकास्ट पत्रकारितेच्या प्रशिक्षणाला मान्यता देणारी परिषद. मान्यताप्राप्त कोर्समध्ये 'न्यूजडे' असतात. सकाळी मीटिंग, मग फोन फिरवायचे, बाहेर जायचं, शूट करायचं, कापायचं आणि ठरलेल्या वेळेला बुलेटिन लागलंच पाहिजे. पहिल्या न्यूजडेला माझं पॅकेज, म्हणजे कापून तयार केलेली बातमी, चाळीस सेकंद उशिरा आलं. बुलेटिन माझ्याविना झालं. कोणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं. आउटपुटवाले म्हणतायत ते हेच.

कायदा खूप शिकवतात. १९८१ च्या कंटेम्प्ट ऑफ कोर्ट कायद्याने तिथे कोणाला अटक झाली की प्रकरण 'सक्रिय' धरतात. मग खटल्यावर परिणाम होईल असं काही दाखवायची सोय नाही. आरोपीचा जुना गुन्हा, शेजाऱ्यांचं मत, काहीच नाही. आपल्याकडे अटकेच्याच संध्याकाळी काय चालतं ते तुम्ही बघता. शिकलो ते उपयोगाचं आहे, पण इथे ते पाळायला लावणारं कोणी नाही.

खर्च: फी, राहणं, व्हिसा धरून तीस लाखांच्या पुढे गेला. कर्ज अजून फिटतंय. परत आल्यावर मुंबईत पहिल्या मुलाखतीत विचारलेला पहिला प्रश्न: 'मराठी टायपिंग येतं का?'

जायचंच असेल तर ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर जा. पूर्ण खर्च देतात. अट अशी की किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा (२,८०० तास असा मोजतात) आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायचं. तुमचं दीड वर्ष झालंच आहे, म्हणजे ही वाट बंद नाही. फक्त आत्ताची नाही.

---

लालदिवा

अगं, रेडिओचं कोणी बोलतच नाहीये म्हणून मी बोलते.

मी चर्चगेटच्या आकाशवाणीवर बरीच वर्षं कॅज्युअल वृत्तनिवेदक होते. जाहिरात निघते. आधी लेखी परीक्षा असते, त्यात इंग्रजी मजकुराचं झटपट मराठी करायचं, आणि त्यात उत्तीर्ण झालीस तर आवाजाची चाचणी. नाव पॅनेलवर येतं. पगार नसतो, ड्यूटीप्रमाणे पैसे आणि महिन्यात मोजक्याच ड्यूट्या. यावर घर चालत नाही हे आधीच सांगून ठेवते. पण नोकरी सांभाळून होतं, आणि शिक्षण मात्र जबर होतं.

बातमीपत्राचे कागद एकाच बाजूने छापलेले, पिन काढून सुटे करायचे, नाहीतर उलटताना माइकमध्ये सरसर ऐकू येते. खाली दोन छोट्या बातम्या जादा ठेवायच्या, वेळ उरला तर वाचायला. वेळ कमी पडली तर कोणती गाळायची तेही आधीच ठरवून ठेवायचं. खोकला आला तर दाबायला एक कळ असते. माझ्या पहिल्या दिवशी मी ती कळ सोडून टेबलच घट्ट धरून बसले होते. लाल दिवा लागला की कोणीही मदतीला येत नाही गं.

आणि हेलाचं: एक काम कर. फोनवर एक मिनिटाची बातमी रेकॉर्ड कर, पण गोधडीखाली किंवा कपड्यांच्या कपाटात तोंड घालून. हसू नकोस, खोलीचा घुमारा जातो आणि फक्त आवाज उरतो. मग ऐक. आपला आवाज ऐकून शिसारी येते, सगळ्यांनाच येते. चौथ्या दिवशी ती जाते आणि चुका ऐकू यायला लागतात.

---

भांडुपची_लोकल

सगळ्यांचे मनापासून आभार. तिरकस, तुमचेही. मोबाइलवर बोलायला लागले तरी काय बोलावं ते कोणीतरी खोडायला हवंच ना.

थोडं कळवते. त्यानंतरच्या शनिवारी मी आणखी दोन संस्थांमध्ये जाऊन आले. मागच्या आठवड्याचं बुलेटिन मागितलं. एके ठिकाणी 'सर सुट्टीवर आहेत'. दुसरीकडे एक सिनियर मुलगी लॅपटॉप घेऊन आली आणि आदल्या मंगळवारचं लावलं. दोन ठिकाणी आवाज चित्राच्या पुढे पळत होता, आणि एका मुलाने पीटीसीत (कॅमेऱ्याकडे बघून बोलतात तो भाग) स्वतःचं नाव चुकीचं सांगून पुन्हा सांगितलं. मला ते फार आवडलं. फी बजेटच्या थोडी वर आहे, हप्ते देतात. सीयूईटी-पीजीचाही फॉर्म भरणार आहे. दिल्ली झालं तर झालं. बाबा म्हणाले, 'दोन्ही गाड्यांवर लक्ष ठेव, जी आधी येईल ती पकड.' चेव्हनिंगचं वहीत लिहून ठेवलंय. आकाशवाणीच्या जाहिरातीवर नजर आहे.

कपाटात तोंड घालून बोलते हे आईने दुसऱ्याच दिवशी पाहिलं. तिला काही सांगितलं नाही. आता तिनेच हिवाळी कपडे आतल्या बाजूला सरकवून जागा करून दिली आहे.

आउटपुटवाले, तुमची कुर्ल्याच्या पाण्याची बातमी मी वाढवून एका मिनिटाची केली. पहिल्यांदा ७४ सेकंद झाले, काल ५८. वाक्याचा शेवट ओढत होते हे खरं निघालं, ते बरंच आवरलंय. 'जखमी' अजून दर तिसऱ्या वेळेला चुकतो. फाइल पाठवली तर ऐकाल का?