चिपळूण : दुकान आणि घरासाठी डीजी (डिझेल जनरेटर) बसवायचाय. क्षमता, चेंजओव्हर, न्यूट्रल, जागा याबद्दल सल्ला हवा

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. तळमजल्यावर आइस्क्रीम आणि दुधाचं दुकान, वर राहतं घर. महावितरणचं थ्री फेज कनेक्शन आहे, मंजूर भार १० किलोवॅट. पावसाळ्यात लाइट गेली की कधी कधी चार-सहा तास येत नाही आणि माल खराब होतो, म्हणून डिझेल जनरेटर कायमचा बसवायचा ठरवलं आहे.

भार असा : कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर ३ एचपी थ्री फेज, बोअरचा पंप ३ एचपी थ्री फेज, तीन डीप फ्रीझर, वर दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, बाकी दिवे-पंखे-फ्रिज. गच्चीवर ५ किलोवॅटचं ऑन-ग्रिड सोलर आहे.

एका विक्रेत्याने १० केव्हीए (जनरेटरच्या क्षमतेचं एकक) सांगितला, दुसऱ्याने २०. आमचे वायरमन म्हणतात की तीन पोलचा चेंजओव्हर (भार महावितरणवर किंवा डीजीवर टाकणारा स्विच; तीन पोल म्हणजे फक्त तीन फेज तोडणारा) पुरे, न्यूट्रल कॉमन ठेवू. जागा दोन : मागचं अंगण (२०२१ च्या पुरात इथे पाणी होतं) किंवा जिन्याखालची बंद खोली. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

अल्टरनेटर_अण्णा

आधी क्षमतेचं बघू. ३ एचपी मोटर चालू असताना साधारण २.७ किलोवॅट आणि ५ अँपिअरच्या आसपास घेते. कॉम्प्रेसर २.७, फ्रीझर मिळून १.२, एसी १.६, बाकी घर-दुकान १, म्हणजे साडेसहा किलोवॅट. पंप धरला तर ९.२. ०.८ पॉवर फॅक्टरने (किलोवॅट आणि केव्हीए यांचं गुणोत्तर) भागलं की पंपाशिवाय ८ केव्हीए आणि पंपासकट साडेअकरा. एवढंच पाहिलं तर १० केव्हीए पुरेल असं वाटतं, पंप फक्त बंद ठेवायचा.

अडतं ते मोटर सुरू होताना. थेट स्टार्टरवर (डीओएल) मोटर सुरुवातीचे काही क्षण सहा-सात पट प्रवाह ओढते. ५ अँपिअरचे ३० झाले, म्हणजे ४१५ व्होल्टला २१ केव्हीएचा धक्का. १० केव्हीएच्या अल्टरनेटरवर (डीजीचा वीज तयार करणारा भाग) व्होल्टेज इतकं खाली बसतं की कॉन्टॅक्टरची (मोटर जोडणारा चुंबकी स्विच) कॉइल सुटते, पुन्हा लागते, पुन्हा सुटते. ती 'टक-टक-टक' ऐकू आली की कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळायला लागले म्हणून समजा. फ्रीझरचे सिंगल फेज कॉम्प्रेसर तेवढ्यात अडकतात, त्यांचे ओव्हरलोड उडतात.

तुम्हाला १५ केव्हीए योग्य. त्याचा पूर्ण भाराचा प्रवाह २१ अँपिअर. साडेसहा किलोवॅटचा भार त्याच्या १२ किलोवॅटच्या निम्म्याहून थोडा जास्त होतो आणि इंजिनासाठी तो चांगला पट्टा आहे. २० केव्हीए घेऊ नका. रात्री फक्त फ्रीझर आणि दिवे चालतील तेव्हा भार १५ टक्क्यांवर येतो. ३० टक्क्यांखाली तासन् तास चालवलं की डिझेल पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमधून काळं तेलकट ओघळतं, इंजेक्टर आणि टर्बो काजळतात. संच जितका मोठा तितका हा त्रास जास्त.

दोन गोष्टी कराच. कॉम्प्रेसरच्या कॉन्टॅक्टरला ३ ते ५ मिनिटांचा ऑन-डिले टायमर. लाइट गेल्यावर गॅसचा दाब दोन्ही बाजूंना समान व्हायला तेवढा वेळ लागतो, त्याआधी सुरू केला तर मोटर अडकते. आणि पंपाला डीजीवर इंटरलॉक (एक चालू असताना दुसरं चालू न होऊ देणारी सोय) द्या, म्हणजे दोन्ही मोटरी एकदम उठणार नाहीत. डिझेलचा अंदाज : एका लिटरमागे ३ ते साडेतीन युनिट. साडेसहा किलोवॅटला तासाला दोन लिटर धरा.

परवाना_इलेक्ट्रिशियन

अण्णांनी क्षमतेचं छान सांगितलं. मी चेंजओव्हरवर येतो, कारण जीव जातो तो इथे.

तीन पोलचा नको. चार पोलचा, मधे 'शून्य' स्थिती असलेला चेंजओव्हर घ्या, ६३ अँपिअरचा. एका बाजूला महावितरण, एका बाजूला डीजी, मधून भार. दोन्ही बाजू एकाच वेळी जोडल्या जाणं यांत्रिकदृष्ट्याच अशक्य असलं पाहिजे. 'मेन एमसीबी खाली पाडायची, मग डीजी लावायचा' ही लक्षात ठेवण्याची पद्धत सुरक्षा म्हणून धरूच नये. रात्री दोन वाजता, पावसात, घरातलं दुसरंच कुणी ते करणार असतं.

डीजीची वीज चुकून लाइनवर गेली तर काय होतं? रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) ११ केव्हीचं ४३३ व्होल्ट करतं, तेच उलटही करतं. तुमचे ४१५ व्होल्ट त्याच्या खालच्या बाजूला गेले की वरच्या बाजूला साडेदहा हजारांच्या आसपास उभे राहतात. 'शेजाऱ्यांचा भार पडून डीजी लगेच ट्रिप होईल' हे गृहीत धरणारे भरपूर आहेत. लाइनमनने खांबावरचा जंपर (जोडतार) सोडून तुमचा तुकडा वेगळा केला असेल तर भार नसतोच. डीजी शांतपणे चालत राहतो आणि तारेला हात लावणारा माणूस मरतो. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून सॉकेटमधून घरात वीज घालणं हाही हाच प्रकार, शिवाय ओढून काढलेल्या टोकाच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात.

आता न्यूट्रल. डीजीचा स्टार पॉइंट (तिन्ही फेजची वाइंडिंग जुळतात आणि न्यूट्रल निघतो ती जागा) त्याच्या स्वतःच्या अर्थला जोडलेला असतो, रोहित्राचा त्याच्या अर्थला. न्यूट्रल कॉमन ठेवला तर डीजी चालू असताना तुमच्या असमतोल भाराचा काही प्रवाह महावितरणच्या न्यूट्रलवाटे आणि जमिनीतून परततो. लाइनमन ज्या न्यूट्रलला मृत समजतो त्यावर व्होल्टेज येतं. चेंजओव्हरच्या आधी आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असेल तर तिलाही जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा दिसत नाही, म्हणून ती विनाकारण उडते. मग कुणीतरी कंटाळून तिलाच बायपास करतं आणि खरी गळती झाली की संरक्षण उरत नाही.

स्वयंचलित हवं असेल तर एएमएफ पॅनेल (लाइट गेली की डीजी आपोआप सुरू करून भार त्यावर घेणारं) घ्या. त्यातही चार पोलचे कॉन्टॅक्टर, यांत्रिक आणि विद्युत दोन्ही इंटरलॉक मागून घ्या. कंट्रोलर तिन्ही फेज बघणारा हवा, नाहीतर कोकणातलं नेहमीचं 'एक फेज गेली' त्याला कळणारच नाही आणि कॉम्प्रेसर दोन फेजवर जळेल. वेळा अशा ठेवा : लाइट गेल्यावर ५-१० सेकंद थांबून स्टार्ट, तीन प्रयत्न, व्होल्टेज आल्यावर १५-२० सेकंदांनी भार. लाइट परत आल्यावर २-३ मिनिटं स्थिर राहिली तरच भार परत द्यायचा, नंतर इंजिन ३ मिनिटं रिकामं चालून थंड व्हायला हवं.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. शॉर्ट झाल्यावर महावितरणच्या लाइनवर शेकडो अँपिअर वाहतात, म्हणून एमसीबी क्षणात पडते. लहान अल्टरनेटर त्याच्या पूर्ण भाराच्या तिप्पट, म्हणजे साठेक अँपिअरच्या पुढे फारसा जात नाही. ३२ अँपिअरच्या 'सी' कर्व्ह एमसीबीला क्षणात पडायला किमान १६० लागतात. म्हणून डीजीकडे २५ अँपिअरची चार पोलची एमसीबी, चेंजओव्हरनंतर १०० मिलिअँपिअरची चार पोल आरसीसीबी आणि दिवे-सॉकेटच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरची. दिव्यांच्या सर्किटला ६ किंवा १० अँपिअरच्याच एमसीबी ठेवा. केबल ४ कोअर ६ चौरस मिमी तांब्याची आर्मर्ड, २५ मीटरपर्यंत व्होल्टेज ड्रॉप एक टक्क्याच्या आत राहतो.

वाशिष्ठीकाठ

हे वायरमनना दाखवलं, त्यांना पटलं. दोन प्रश्न उरतात. आमच्याकडे खाली सगळा जांभा आहे, अर्थिंग लागेल का? आणि सोलर कुठे जोडायचं? सध्या त्याची वायर दुकानातल्या डिस्ट्रिब्युशन बोर्डात येते.

जमीन_आणि_वीज

जांभ्यात अर्थिंग लागतं, पण मेहनत घ्यावी लागते. थ्री फेज संचाला न्यूट्रलचे दोन आणि बॉडीचे दोन असे चार स्वतंत्र खड्डे करा. ४० मिमी व्यासाचा, अडीच मीटर लांब जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उभा गाडायचा आणि दोन खड्ड्यांत किमान पाच मीटर अंतर ठेवायचं. इलेक्ट्रोडच्या लांबीच्या दुपटीपेक्षा जवळ घेतले तर दोन्ही एकाच मातीवर विसंबतात आणि दुसऱ्याचा उपयोग निम्मा होतो. कोळसा-मीठ टाळा, मीठ पाइप खातं आणि दोन पावसाळ्यांत वाहून जातं. बेंटोनाइट किंवा तयार बॅकफिल पावडर वापरा. खड्ड्यापासून संचापर्यंत २५ बाय ३ मिमीची जीआय पट्टी, बॉडीला दोन वेगळ्या बोल्टवर दोन वेगळ्या पट्ट्या.

अर्थ मेगरने (अर्थिंगचा रोध मोजणारं यंत्र) मोजमाप मे महिन्यात घ्या. जुलैत भिजलेल्या जांभ्यात आकडा फसवा चांगला येतो. न्यूट्रलला १ ओहम किंवा कमी हे उद्दिष्ट ठेवा, जमलं नाही तर इलेक्ट्रोड वाढवून समांतर जोडा. न्यूट्रल आणि अर्थ डीजीच्या स्टार पॉइंटपाशीच एकदा जोडायचे. दुकानाच्या बोर्डात पुन्हा जोडले की आरसीसीबी टिकणार नाही.

छतावरची_वीज

सोलरची वायर आहे तिथे ठेवून डीजी चालू करू नका. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइट गेली की आपोआप बंद होतो. पण डीजी सुरू झाला की त्याला २३० व्होल्ट ५० हर्ट्झ दिसतात, ग्रिड आली असं समजून तो वीज ढकलायला लागतो. दुपारी सोलर ४ किलोवॅट देतंय, कॉम्प्रेसर थर्मोस्टॅटवर थांबलाय आणि भार उरलाय २ किलोवॅट, तर वरचे २ किलोवॅट अल्टरनेटरमध्ये उलटे शिरतात. व्होल्टेज चढतं, गव्हर्नर (वेग स्थिर ठेवणारा भाग) इंजिनाला सांभाळू शकत नाही, आणि फटका फ्रीझरच्या कार्डांना बसतो.

उपाय सोपा आहे. सोलरच्या एसीडीबीची (इन्व्हर्टरनंतरचा एसी बोर्ड) वायर दुकानाच्या बोर्डातून काढून चेंजओव्हरच्या महावितरणकडच्या बाजूला, नेट मीटरनंतर जोडा. लाइट नसताना सोलर बंद राहील, तेवढं नुकसान सोसा. डीजीबरोबर सोलर चालवायला वेगळा कंट्रोलर लागतो, तुमच्या आकाराला तो खर्च परवडणारा नाही.

धूर_आणि_पूर

जिन्याखालची खोली हा पर्याय आजच बाद करा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि जिना म्हणजे वरच्या बेडरूमपर्यंत थेट चिमणी. धुराडं बाहेर काढलं तरी बेलोजचा (धुराड्याचा लवचीक तुकडा) जोड सैल झाला, गॅस्केट फाटलं की धूर आतच. शिवाय बंद खोलीत रेडिएटरची गरम हवा फिरून पुन्हा आत ओढली जाते आणि संच अर्ध्या तासात तापून ट्रिप होतो.

मागचं अंगणच घ्या, पण उंचावर. २२ जुलै २०२१ च्या पाण्याची खूण तुमच्या भिंतीवर नक्की असेल. तिच्यावर अर्धा मीटर अशी आरसीसी खांबांवरची ओटली बांधा. कॅनपीसकट (संचाभोवतीची आवाज दाबणारी पेटी) १५ केव्हीए सातशे-आठशे किलो भरतो, त्यामुळे आकृती स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या. गच्चीचा विचार आला तरी तोच नियम, आणि वर डिझेलचे कॅन चढवणं हा कायमचा धोका. एएमएफ पॅनेल आणि बॅटरी चार्जर पहिल्या मजल्यावर न्या. संच पाण्यात गेलाच, तर अल्टरनेटर वाळवून इन्सुलेशन मेगर १ मेगाओहमच्या वर दाखवेपर्यंत आणि तेल बदलेपर्यंत स्टार्टरला हात लावायचा नाही.

संचाभोवती मीटरभर मोकळी जागा, गरम हवेचं तोंड भिंतीकडे नको, शेजाऱ्यांच्या खिडकीकडे तर नाहीच. धुराड्याची उंची : इमारतीची उंची अधिक ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ. १५ केव्हीएला इमारतीच्या माथ्यावर साधारण ०.८ मीटर. एवढा लांब पाइप नेताना व्यास एक माप वाढवा आणि कोपरे कमी ठेवा, नाहीतर बॅकप्रेशर वाढून इंजिन काळा धूर ओकतं. संचापाशी फ्लेक्सिबल बेलोज, पाइपाचं वजन भिंतीवर, हात पोचेल तिथवर रॉकवूल आणि अ‍ॅल्युमिनियमचं आवरण, टोकाला पावसाची टोपी. झोपायच्या खोलीत बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावा.

नवीन संच घेताना सीपीसीबी ४ प्लसचा (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं धुराचं मानक) हवा, १ जुलै २०२३ पासून तोच नियम आहे. आवाज कॅनपीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत. डिझेल २५०० लिटरपर्यंत, एका भांड्यात १००० पेक्षा जास्त नसेल तर, परवान्याशिवाय ठेवता येतं, पण दुकानावर घर असताना दोन-तीन कॅनच्या वर ठेवायचं कारण नाही.

परवाना_इलेक्ट्रिशियन

वर उल्लेख राहिला : काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट घ्या. विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात मंजुरीची चौकशी खरेदीआधी करा, महावितरणच्या शाखा कार्यालयाला डीजी बसवल्याचं लेखी कळवा.

चालू करून ताब्यात घेण्याआधी स्वतः उभं राहून हे बघा. मेन बंद, डीजी चालू, भार डीजीवर. चेंजओव्हरच्या महावितरणकडच्या चारही टर्मिनलवर मल्टीमीटरने मोजा, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. सगळीकडे शून्य आलं पाहिजे. टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नका. मग फेज सिक्वेन्स मीटर दोन्ही पुरवठ्यांवर लावा. क्रम उलटा असेल तर पंप उलटा फिरून पाणी देत नाही आणि स्क्रोल कॉम्प्रेसर असेल तर तो आतून खराब होतो. डीजीच्या दोन फेज अदलाबदल केल्या की झालं, पण हे भार देण्याआधी. सिंगल फेजचा भार तिन्ही फेजवर वाटलाय का ते क्लॅम्प मीटरने बघा.

अल्टरनेटर_अण्णा

संच न सुरू होण्याचं पहिलं कारण बॅटरी असते, म्हणून चार्जर कायम चालू ठेवा आणि तो दिव्यांच्या नाही तर स्वतंत्र एमसीबीवर घ्या. महिन्यातून एकदा अर्धा तास, कोल्ड रूम चालू ठेवून भारावर चालवा. नुसतं रिकामं फिरवलं तर काजळीच वाढते. टाकी भरलेली ठेवा, अर्ध्या रिकाम्या टाकीत कोकणातल्या हवेतलं पाणी उतरतं. वॉटर सेपरेटरचा खालचा कॉक जूनपासून दर पंधरवड्याला उघडून पाणी सोडा.