डेसिमलचं बायनरी करताना बाक्या खालून वरच का वाचायच्या?

डिप्लोमा_पहिलं_वर्ष:
सोमवारी टेस्ट आहे, कोणीतरी नीट सांगा प्लीज. डेसिमल (नेहमीची, ० ते ९ अंकांची) संख्या बायनरीत (फक्त ० आणि १ मध्ये) लिहायला मी २ ने भागत जातो आणि बाकी बाजूला लिहीत जातो, ४५ ला १, ०, १, १, ०, १ आल्या, वरून खाली वाचून १०११०१ लिहिलं तर बरोबर. ५० ला तसंच केलं, ०, १, ०, ०, १, १ आल्या म्हणून ०१००११ लिहिलं तर चूक. सर म्हणाले खालून वर वाच. मग ४५ कसं जमलं? आणि खालूनच का?

कोडवाला_नाशिक:
४५ तुला फसवून गेलं रे, १०११०१ उलटं वाचलं तरी तेच राहतं. आता ३४७ ला १० ने भागून बघ. पहिली बाकी ७, मग ४, मग ३. म्हणजे एकक आधी बाहेर पडतो, शतक शेवटी, पण लिहिताना आपण शतक आधी लिहितो ना, म्हणून खालून वर. २ ने भागताना पण हेच, फक्त घरं १, २, ४, ८, १६, ३२ अशी. ५० = ३२+१६+२ म्हणून ११००१०. तू लिहिलेलं १६+२+१ म्हणजे १९ होतं, आणि सम संख्येच्या शेवटी १ येऊच शकत नाही, पेपरात एवढं तरी नक्की तपास.

आजीचा_नातू:
माझ्या आजीच्या डब्यात जुनी नाणी आहेत, मला बायनरी त्यांच्यावरूनच कळलं. अधेली ८ आणे, पावली ४, चवली २ आणि मग आणा. अकरा आणे द्यायचे तर अधेली हो, पावली नको, चवली हो, आणा हो, झालं १०११! प्रत्येक नाणं एकदाच, एकतर आहे नाहीतर नाही. आणि तेव्हा रुपयाचे १६ आणे होते, म्हणून ११ आणे म्हणजे ०.६८७५ रुपये, बायनरीत ०.१०११.

डिप्लोमा_पहिलं_वर्ष:
भारी!! पण मग ०.१ रुपया? पुस्तकात पॉइंटनंतरच्या भागाला २ ने गुणत जायला सांगितलंय, माझं संपतच नाहीये.

कोडवाला_नाशिक:
संपणारच नाही, तुझं बरोबर चाललंय. ०.२, ०.४, ०.८, १.६, त्यातला १ काढला की ०.६, मग १.२, १ काढून परत ०.२, आलास ना फिरून तिथेच. दर वेळी पॉइंटच्या आधी आलेला अंक लिहीत गेलास की ०.०००११००११... असं चालत राहतं. इथे मात्र वरून खाली वाचायचं हां, कारण अर्धा आधी बाहेर पडतो, मग पाव. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ०.१ + ०.२ टाकलं की ०.३०००००००००००००००४ दिसतं ते यामुळेच, कॉम्प्युटर कुठेतरी तोडतोच.

आजीचा_नातू:
हो, १० पैसे म्हणजे १.६ आणे, एक आणा दिला की ०.६ आणा उरतो आणि त्याला पुढे कितीही अर्ध्यात तोडा, पुरा फिटत नाही.

डिप्लोमा_पहिलं_वर्ष:
आत्ता १०० केलं, ११००१०० आलं, ६४+३२+४. शेवटी ० पण आहे 🙏