प्रतिसाद: फक्त पीसीआयईची पिढी वाढवून भागेल का?

वरच्या एका प्रतिसादात म्हटलंय की दर पिढीला पीसीआयईचा (संगणकात कार्डं, एसएसडी वगैरे जोडणाऱ्या मार्गाचा) वेग दुप्पट होतोच, मग जोडणीच्या नव्या मानकांची लगबग कशाला? एसएसडीपुरतं (चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हपुरतं) हे बऱ्याच अंशी पटतं. पण जीपीयूंच्या (एआयची जड आकडेमोड करणाऱ्या चिपांच्या) आपसातल्या बोलण्याला तो वेग अपुरा पडतो. पीसीआयई ५ चे १६ लेन (समांतर मार्गिका) दोन्ही दिशा धरून सेकंदाला साधारण १२८ जीबी नेतात. एनव्हिडियाच्या ब्लॅकवेल पिढीतल्या जीपीयूंना थेट जोडणारं एनव्हीलिंक प्रत्येक जीपीयूला सेकंदाला १.८ टीबी देतं. आता बोला! मात्र ते एका कंपनीच्या मुठीत, म्हणूनच एएमडी, गूगल, मेटा वगैरेंनी एकत्र येऊन यूएलिंक हे सगळ्यांना खुलं जोडणी-मानक काढलं. एप्रिल २०२५ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. कागदावर १०२४ अ‍ॅक्सिलरेटर (जीपीयूसारख्या चिपा) जोडता येतात, पण बाजारात जम बसेपर्यंत मी तरी हुरळणार नाही.

स्टोरेजमध्ये खरी अडचण उष्णतेची आहे. यू.२ या प्रकारच्या एसएसडीचा अडीच इंची डबा मुळात हार्ड डिस्कच्या मापाचा. सर्व्हरच्या पुढच्या बाजूला असे डबे दाटीवाटीने बसवले, त्यामागे आडवा बॅकप्लेन (ड्राइव्ह ज्यात खोचतात ती पाटी) आला, की मागच्या तापट चिपपर्यंत वारा पोहोचायची बोंब. याउलट ई१.एस हे एसएसडीचं नवं माप म्हणजे लांबट, अरुंद कार्ड. जाडी ५.९ पासून २५ मिमीपर्यंत, म्हणजे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) हवा तेवढा घ्या. वेगाइतकंच हे मापही महत्त्वाचं.